दोन मिनिटं वजा

“परत तेच,” इद्रिस म्हणाला आणि लॅपटॉपचं बटण त्याने डाव्या अंगठ्याने दाबून धरलं. पडदा काळा झाला. जरा थांबून त्याने बटण पुन्हा दाबलं. कंपनीचं नाव आलं, गोल फिरणारे ठिपके आले आणि मग कुठल्यातरी परदेशी तळ्याचा फोटो. तळ्यावर आजची तारीख.

“असं दाबून बंद नका करू,” रजिया स्वयंपाकघरातून म्हणाली. “बिघडंल.”

“बिघडलंय.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी फुगायच्या आत बाहेरून पुन्हा तोच सुरू होण्याचा आवाज आला. पुन्हा ठिपके, पुन्हा तळं. इद्रिस रविवार दुपारपासून हे करत होता. आज सोमवार होता, तिला शाळेत पहिलाच तास नववीवर होता आणि तिचा डबा अजून भरायचा होता.

लॅपटॉप एकच होता, पण त्याच्या पोटात दोन बिऱ्हाडं होती. एक विंडोजचं, ते रजियाचं. शाळेची माहिती भरणं, प्रश्नपत्रिका, ऑनलाइन प्रशिक्षणं. दुसरं लिनक्सचं, ते इद्रिसचं. लॅपटॉप सुरू केला की आधी एक काळं पान यायचं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत चार-पाच ओळी. सगळ्यांत वर त्याचं नाव, सगळ्यांत खाली तिचं. बसणाऱ्याने बाणाच्या बटणाने आपली ओळ गाठायची आणि एंटर मारायचं. कुणी काहीच केलं नाही तर थोडा वेळ वाट बघून यंत्र आपणहून इद्रिसच्या घरात शिरायचं. ते काळं पान कालपासून येत नव्हतं. यंत्र विचारपूस न करता थेट विंडोजमध्ये जात होतं.

“मी काय दाबलं?” तो म्हणाला. ती भाकऱ्यांचा डबा घेऊन बाहेर आली तेव्हा तो पडद्याकडे नव्हे, स्वतःच्या हाताकडे बघत होता.

“तुमी काय नाय दाबलंत. मी काल अपडेट केलं. वीज जायला लागली, घाईत नको ते दाबलं. त्याच्यात गेलं ते.”

ते अक्षरशः खरं होतं. अपडेट घ्या म्हणून विंडोज कितीतरी दिवस मागे लागलं होतं आणि काल तिने कंटाळून हो म्हटलं होतं. पण इद्रिसने तिच्याकडे बघितलं ते व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीकडे बघायचा तसं. ती मुलगी दर आठवड्याला म्हणायची, “खूपच सुधारणा आहे, काका.” पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याच्याशी घरीदारी इतकं गोड खोटं बोललं गेलं होतं, की आता खरं बोलायला गेलं तरी ते त्याच चवीचं लागे.

“अवो, खरंच मीच केलं.”

“बरं,” तो म्हणाला. आणि पुन्हा बटण दाबलं.

इद्रिसने उभं आयुष्य रसायनीतल्या एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांवर काढलं होतं. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, पातळी दाखवणाऱ्या नळ्या. कुठला काटा खरं बोलतो आणि कुठला नाही, हे तपासणं हे त्याचं काम. झटक्याने त्याचा उजवा हात नेला आणि शब्दांची कपाटं उलटीपालटी केली. पंखा हवा असला की तो चहा मागायचा. चहा मिळाला की चिडायचा. आकडे मात्र जसेच्या तसे राहिले होते. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी.

आणि लिनक्सच्या घरात त्याचे आकडेच होते. रमजानचं टाइमटेबल.

हे त्याने फार वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. रमजान थंडीच्या अखेरीला आला की खालापुरातून सूर्य माणिकगडाच्या बाजूला उतरताना दिसतो. डोंगरामागे गेला की अंगणात सावली पडते, आणि मग मशिदीत वाद. एक म्हणे बुडाला, रोजा सोडा. दुसरा म्हणे डोंगरामागे गेला म्हणजे बुडाला नव्हे. कुणी खोपोलीला फोन लाव, कुणी मुंबईचं कार्ड काढ. इद्रिसने एका उन्हाळ्यात पुस्तकं जमवली आणि खालापूरचे अक्षांश-रेखांश घालून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वर्ष टाकलं की महिन्याभराच्या सेहरीच्या आणि इफ्तारीच्या वेळा बाहेर पडत. जमातीने त्या कार्डावर छापल्या. तेव्हापासून दरवर्षी तेच. गावात घराघरांत खिळ्याला ते कार्ड असे, आणि वाद बंद झाले होते.

सोमवारी संध्याकाळी मुनाफभाईंचा फोन आला. ते जमातीचे सेक्रेटरी, नाक्यावर त्यांचं टाइल्सचं दुकान. बोलण्याची सवय दुकानातली, म्हणजे समोर कटर चालू आहे असं समजून.

“भाभी! भायची तब्येत? बरं, टायमटेबलचं काय झालं? जुम्म्याला वाटायचंय. शिळफाट्याचा प्रेसवाला बोंबलतोय, त्याच्याकडं लग्नाच्या पत्रिकांची गर्दी हाय.”

“लॅपटॉप जरा अडलाय, मुनाफभाय. एक-दोन दिवसांत देते.”

“अडलाय? मंग राहू द्या ना! मुंबईचं कार्ड हाय माझ्याकडं. दोन मिनिटं वजा करायची, झालं. आमची पोरगी मोबाइलवर करून देते. भायना कशाला उगाच त्रास?”

फोन स्पीकरवर नव्हता, पण मुनाफभाईंना स्पीकर लागत नसे. इद्रिस खुर्चीतून अर्धवट उठला. डावा हात त्याने छातीवर ठेवला.

“मी,” तो म्हणाला. “मी. मी.”

“ते देतील,” रजिया फोनमध्ये म्हणाली.

“जुम्म्याच्या आधी आलं तर बघू,” मुनाफभाई म्हणाले. “नाय आलं तरी वाईट नका वाटून घेऊ. आराम करू द्या त्यांना.”

रजियाने कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट होती, ती तिने फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा गिळली. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, हे ती विज्ञानाच्या तासाला दरवर्षी नववीला सांगत होती. मुंबई आणि खालापूर यांच्यात जेमतेम अर्धा अंश. चारच्या निम्मे दोन. मुनाफभाईंचा हिशेब बरोबर होता. तिने एका वर्षी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघितली होती. फरक असला तर कुठेतरी एखाद्या मिनिटाचा. प्रोग्रॅम नसता तरी खालापूरचे रोजे वेळेवरच सुटले असते. पण इद्रिसकडे आता कारखाना नव्हता, सायकल नव्हती, दुरुस्तीला येणारे शेजाऱ्यांचे मिक्सर नव्हते. वर्षातून एकदा लागणारं हे एक काम उरलं होतं, आणि तेही आता दोन मिनिटांच्या वजाबाकीने जाणार होतं.

मंगळवारी सकाळी दारात ठमी आली. वाडीवरून डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन ती थंडीभर येई. पाटी उतरवून ती ओट्यावर टेकली आणि इद्रिसचा खेळ बघत राहिली. बटण, ठिपके, तळं. बटण, ठिपके, तळं.

“काय झालं वं त्याला?”

“येत नाय,” इद्रिस म्हणाला.

“मंग आपटा की एकदा उलटा धरून. आमचा गाण्यांचा रेडू तसाच चालं. माझा दादला तर दोनदा आपटी, एकदा रेडूला आन् एकदा मला.”

इद्रिस हसला. वाकड्या ओठातून, पण आवाज करून. कितीतरी दिवसांनी.

“त्यांना नको सुचवू असलं काही,” रजिया म्हणाली. “आधीच कमी का हाय?”

“मी काय, सांगितलं. ओल्या हायत शेंगा, आजच कर.”

शाळा सुटल्यावर रजिया लॅपटॉप पिशवीत घालून खोपोलीच्या शिळफाट्याला गेली. मोबाइलची कव्हरं टांगलेल्या दोन गाळ्यांच्या मध्ये मनोजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मनोजच्या कानात एक बोळा होता आणि त्यातून कुणीतरी त्याच्याशी सतत बोलत होतं.

“काय प्रॉब्लेम, मॅडम?”

“सुरू होताना एक मेनू यायचा. तो येत नाही.”

त्याने लॅपटॉप सुरू केला. तळं आलं. “हा काय, चालू आहे की! मस्त चालू आहे. उलट फास्ट झालाय.”

“मला फास्ट नकोय. मेनू हवाय.”

“हा काय मेनू.” त्याने खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबून दाखवलं.

“हा नाही. विंडोज सुरू व्हायच्या आधीचा. यात दोन सिस्टिम आहेत. एक विंडोज, एक लिनक्स. कुठली हवी ते विचारणारा मेनू.”

“दोन?” त्याने कानातला बोळा काढला. “दोन कशाला, मॅडम? लोकांची एक धड चालत नाही.” मग तो काहीतरी उघडून बघू लागला. डिस्कचे रंगीत तुकडे पडद्यावर आले. “हे बघा, हा एवढा मोठा तुकडा. नाव नाही, गाव नाही. रिकामाच पडलाय. उडवू का? तुम्हाला तेवढी जागा मिळेल.”

रजियाने पूर्ण तळहात कीबोर्डवर ठेवला. लॅपटॉपने कसलातरी आवाज केला.

“त्याला हात लावायचा नाही.”

“अहो, विंडोजला तो ओळखू पण येत नाहीये.”

“विंडोजला ओळखू येत नाही म्हणजे रिकामा नाही. त्यात माझ्या मिस्टरांचं काम आहे.”

“मग कॉपी करून घ्यायचं ना आधी,” मनोज म्हणाला, जसं काही तिनेच ते लपवून ठेवलं होतं. “माझं ऐका, फॉरमॅट मारतो. नवाकोरा करून देतो.”

“नवाकोरा नको. जुना हवाय. शनिवारी होता तसा.”

“मग आणलात कशाला?” त्याने खरोखरच विचारलं. त्यात उद्धटपणा नव्हता, म्हणून तर तिला अधिकच राग आला. चालू असलेलं यंत्र घेऊन एक बाई येते आणि बिघडलं म्हणते. ती पिशवीची चेन लावत असताना त्याने बोळा परत कानात घातला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, “काही नाही रे, एक मॅडम.”

शेवटी सुफियान. इद्रिसच्या बहिणीचा मुलगा, दोहाला कुठल्यातरी ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल करायचा. त्याला तिने आधी विचारलं नव्हतं, कारण त्याला जेवणाच्या सुट्टीत नाहीतर रात्रीच वेळ मिळे आणि तो लिहून काही कळवत नसे. बोललेले निरोप पाठवी, आणि त्यांत निम्मा वारा.

“मामी, टेन्शन नाय घ्यायचं. चालू करतानाच एफ टू दाबत राहायचं. दाबत राहायचं. आतली सेटिंग उघडंल.”

ती दाबत राहिली. तळं आलं. पुन्हा केलं. तळं आलं. तिने निरोप पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीत आलं.

“अच्छा अच्छा, सांगायचं राहिलं. शट डाउन केलं ना, तर तो खरा बंद होतच नाय, मामी. झोपल्याचं सोंग करतो. रीस्टार्ट करा, तेव्हाच तो नव्यानं उठतो.”

बंद हो म्हटलं की बंद होत नाही आणि सुरू हो म्हटलं की नव्याने सुरू होत नाही. हे यंत्र होतं की आमचे हेडमास्तर, असं रजियाच्या मनात आलं. तिने रीस्टार्ट केलं आणि एफ टू दाबत राहिली. निळसर राखाडी पान उघडलं. सुरुवातीला कुणाला हाक मारायची याची तिथे यादी होती, आणि यादीत एकच नाव होतं. विंडोज.

“नाव कापलंय विंडोजनं,” सुफियान रात्री म्हणाला. “घर जागेवर हाय, मामी. दारावरची पाटी काढलीय. पेनड्राइव्हवरनं आत शिरून पाटी परत लावावी लागंल.”

पेनड्राइव्ह करायला मोठी फाइल उतरवायची होती. ती गुरुवारी शाळेच्या कॉम्प्युटरवर तिने लावली. इंटरनेट मधल्या सुट्टीपर्यंत रांगत गेलं आणि मग, फाइल जवळजवळ उतरली असताना, हिंदीच्या तेजश्री मॅडमनी “कुणाचं चालू आहे हे?” म्हणत ते बंद केलं.

“तुमचं होतं का? मला वाटलं व्हायरस.”

रजियाने पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि खुर्ची तिथेच ओढून वह्या तपासत बसली. उष्णतेच्या वहनाच्या उत्तरांत तिने त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक गुण कापले.

घरी इद्रिसने आता बटण दाबणं सोडून दिलं होतं. ते तिला जास्त वाईट वाटलं. लॅपटॉपवर त्याने रुमाल टाकून ठेवला होता, शेजारी पाण्याचा तांब्या. तिने रुमाल काढला की तो तोंड फिरवी.

गुरुवारी संध्याकाळी तो काठी टेकत मगरीबच्या नमाजाला गेला आणि तिने पेनड्राइव्ह लावला. सुफियानने तिच्यासाठी सुट्टी घेतली नव्हती, पण साहेबाची नजर चुकवून तो फोनवर होता. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा लिहायची. डिस्कच्या तुकड्यांना नावं नव्हती, नुसती अक्षरं आणि आकडे. प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय बूच काढायचं नाही, असा तिचा मुलांसाठी नियम होता. तिने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. सुफियान पलीकडून “हां” म्हणाला की मगच एंटर.

“आता शेवटची,” तो म्हणाला. “मारा.”

ओळी आल्या. कुठलीच तक्रार नाही. तिने पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. ठिपके आले नाहीत. तळं आलं नाही. इद्रिसचा करडा पडदा आला, त्यावर डाव्या बाजूला त्याची फोल्डरं, जशीच्या तशी.

“सुफियान, आलं!”

“बोललो ना. मामूला सलाम सांगा.”

तिने लॅपटॉप बंद केला, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि दार उघडं ठेवून बसली. इद्रिस आला. “बसा,” ती म्हणाली. “तुमीच चालू करा.”

त्याने तिच्याकडे संशयाने बघितलं. पण बसला. डाव्या अंगठ्याने बटण दाबलं आणि बोट खालच्या बाणावर ठेवून वाट बघू लागला. कंपनीचं नाव आलं. पडदा क्षणभर काळा झाला, तो पुढे झुकला. आणि करडा पडदा आला.

तो थांबला. मग त्याने बटण दाबून धरलं. पडदा विझला.

“अवो! का बंद केलंत?”

“हे नाय.”

“हेच हाय! तुमचंच हाय ते!”

त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा करडा पडदा आला. पुन्हा त्याने अंगठा बटणावर नेला, आणि रजियाने त्याचा हात धरला.

“आलं ना तुमचं लिनक्स? तुमची फोल्डरं नाय दिसत का? डोळे उघडून बघा जरा! शाळा सांभाळून, त्या शिळफाट्याच्या माणसाचा शहाणपणा ऐकून, दोहाला फोन लावून लावून आणलंय मी ते! आणखी काय पायजे तुमाला?”

तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी हळू केला. इद्रिसने हात सोडवून घेतला नाही. तो शब्द शोधत होता. शोधताना त्याची मान जराशी डावीकडे वळे, शब्द जणू खोलीच्या त्या कोपऱ्यात ठेवला असावा, तशी.

“ते,” तो म्हणाला. “ते इचारत नाय.”

रजियाने हात सोडला.

चहा आता त्याच्यापुढे आपोआप येत होता, साखर घातलेला. सदऱ्याची बटणं ती लावत होती. कुठला सदरा, ते तीच ठरवत होती. व्यायामाची वेळ मुलीच्या सोयीने, जेवण तिच्या शाळेच्या सोयीने, आणि टाइमटेबल मुनाफभाईंच्या सोयीने. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. वेळ वाचत होता.

“उद्या करते,” ती म्हणाली. “सकाळी.”

शुक्रवारी तिने शाळेत किरकोळ रजा कळवली आणि सुफियानला, दोहाला सुट्टीचा वार म्हणून, सकाळी घरीच गाठलं.

“आता काय, मामी? चालतंय ना?”

“मेनू हवा.”

“मामू विंडोज वापरतात का?”

“नाही.”

“मंग थेट त्यांचंच उघडतंय, ते बरंच की. आणि आता त्याला विंडोज दिसतच नाय. मेनू दाखवला तरी एकच नाव येणार. एका नावात निवडायचं काय?”

“म्हणून दुसरं हवं.”

पलीकडे जरा वारा वाहिला. मग तो म्हणाला, “बरं. लिहा.”

एक फाइल होती. तिच्यात एक ओळ होती, आणि ओळीच्या सुरुवातीला एक जाळीदार खूण, हॅश. त्या खुणेमुळे लिनक्स शेजारच्या बिऱ्हाडाकडे बघतच नसे. नव्या आवृत्तीत हे मुद्दाम केलं आहे, सुफियान म्हणाला, सुरक्षेसाठी. रविवारी विंडोजने लिनक्सला ओळख दाखवली नव्हती. आता लिनक्स विंडोजला दाखवत नव्हतं. एवढा सगळा खटाटोप करून ज्याला दारातून बाजूला केलं, त्यालाच परत बोलावून आणायला रजिया बसली होती. तिने खूण पुसली. दुसऱ्या ओळीत मेनू लपवू नये असं लिहिलं, तिसरीत किती थांबायचं ते. मग शेवटची आज्ञा. यंत्राने शोधलं आणि शेवटी विंडोज सापडल्याचं जाहीर केलं. सापडल्याबद्दल तिला आनंद झाला याची तिला चीड आली.

इद्रिस ओट्यावर उन्हात बसला होता. तिने नुसती खुर्ची ओढली. तो आत आला आणि बसला. बटण. कंपनीचं नाव. काळं पान.

पांढऱ्या ओळी उभ्या राहिल्या. खाली एकेक सेकंद कमी होऊ लागला. इद्रिसने बाणाचं बटण दाबलं आणि सेकंद थांबले. तो एकेक ओळ खाली गेला, पार शेवटच्या विंडोजपर्यंत. तिथे जरा थांबला. मग एकेक ओळ वर आला, पहिल्या ओळीवर, आणि एंटर मारलं.

“मी नाय बिघडवलं,” तो म्हणाला.

“नाय. मी बिघडवलं.”

या वेळी त्याने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

वर्ष टाकायला त्याला वेळ लागला नाही. आकडे डाव्या बोटाने सरळ आले. पडद्यावर रमजान उभा राहिला, तीस ओळींचा. तो वरून खाली वाचत होता तेव्हा बाहेर स्कूटर थांबली.

मुनाफभाई नमाजासाठी धुतलेला कुर्ता घालून आले होते. “सलाम भाय! कसं काय?” ते दारातूनच म्हणाले. रजिया उठून पुढे झाली, आणि तिला अंगणातली स्कूटर दिसली. पाय ठेवायच्या जागेवर सुतळीने बांधलेले कार्डांचे गठ्ठे होते, हिरवी किनार असलेले. मुनाफभाईंनी तिची नजर बघितली.

“प्रेसवाला थांबंना, भाभी,” ते आवाज खाली आणून म्हणाले. त्यांचा खाली आणलेला आवाज इतरांच्या साध्या आवाजाएवढा होता. “काल रात्रीच... फोन करणार होतो.”

त्यांच्या हातात एक कार्ड होतं. घरच्यासाठी आणलेलं. इद्रिसने खुर्चीतूनच डावा हात पुढे केला. मुनाफभाईंनी आधी रजियाकडे बघितलं आणि मग ते कार्ड त्या हातात दिलं.

इद्रिसने ते पडद्याशेजारी उभं धरलं. मग रजियाला दिलं आणि बोटाने खूण केली: वाच.

“पहिला रोजा,” ती वाचू लागली. “इफ्तार, सहा सदतीस.”

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. मान हलवली. पुढचं.

खाटेच्या कडेला टेकलेल्या मुनाफभाईंना मशिदीत जायचं होतं. ते दोनदा उठू लागले आणि दोनदा बसले. रजिया वाचत राहिली, सेहरी, इफ्तार, सेहरी, इफ्तार, वर्गात वाचतात तशी, कुठेही आवाज न बदलता. इद्रिसचं बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. महिन्याच्या मध्यावर एका ठिकाणी ते थांबलं.

“परत.”

तिने परत वाचलं. पडद्यावर एक मिनिट कमी होतं. तिला माहीत होतं ते कुठून आलं; सेकंद वर ढकलले की खाली, एवढाच तो प्रश्न. मुनाफभाई पुढे झुकले.

“चुकलंय का, भाय?”

इद्रिसने मान डावीकडे वळवली. कोपऱ्यात बराच वेळ बघितलं. शब्द सापडला.

“चालंल,” तो म्हणाला. आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.

शेवटचा रोजा झाला तेव्हा रजियाचा घसा कोरडा पडला होता. इद्रिसने कार्ड तिच्याकडून परत घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, त्याच्या गुळगुळीत कागदावरून अंगठा फिरवला आणि ते मुनाफभाईंपुढे धरलं.

“छापा,” तो म्हणाला.

मुनाफभाईंनी कार्ड घेतलं. त्यांनी कार्ड कुर्त्याच्या खिशात घातलं, वरून तळहाताने दाबलं.

“हां, भाय,” ते म्हणाले. “आत्ताच देतो प्रेसला.”

रजिया ओट्यापर्यंत त्यांच्या मागे गेली. मशीद डाव्या हाताला होती, पन्नास पावलांवर. लोक टोप्या सारख्या करत तिकडेच चालले होते. मुनाफभाईंनी पायांतले गठ्ठे नीट सरकवले, एकदा मागे घराच्या खिडकीकडे बघितलं आणि स्कूटर उजवीकडे वळवली, शिळफाट्याच्या रस्त्याला.